प्रार्थना कीटकाच्या पेटीत तळाला काय घालावे?

नारळाचा भुसा, लाकडाचा भुसा, वाळू, सुका पाला या वस्तू आपल्याकडे वखारीत, सुतारशाळेत आणि अंगणात पडून असतात. यांपैकी काहींना चांगला बाजार आहे, हे व्यापारी बांधवांना आता नवीन राहिलेले नाही. रोपवाटिकांना नारळाचा भुसा लागतो. मासे पाळणाऱ्यांना देशी बदामाची सुकी पाने लागतात. याच बाजाराचा एक लहान पण फार चोखंदळ कोपरा आहे. युरोप, अमेरिका व जपानमध्ये हौसेने कीटक पाळणारी बरीच मंडळी आहेत. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून असे शौकीन आढळतात. पेटीच्या तळाला अंथरण्यासाठी ते हाच माल विकत घेतात. या लेखात आम्ही प्रार्थना कीटकाच्या पेटीपुरता हा विषय घेतला आहे. विषय छोटा दिसतो. परंतु माल निवडताना चूक झाली तर पेटीतला जीव मरतो आणि ग्राहकही कायमचा जातो. म्हणून तो नीट समजून घेणे बरे.

हा कीटक कोणता?

हिरवा किंवा तपकिरी रंग, तीन कोनी डोके, लांब मान आणि दुवा मागावी तसे पुढे धरलेले दोन पाय, ही याची खूण. इंग्रजीत याला प्रेइंग मँटिस म्हणतात. मराठीत प्रार्थना कीटक म्हणतात व खंडोबाचा किडा असेही नाव आहे. आखाती देशांत राहून आलेल्या वाचकांनी कदाचित फरस-उन-नबी, म्हणजे प्रेषितांचा घोडा, हे अरबी नाव ऐकले असेल. तुर्की भाषेत याच कीटकाला प्रेषितांचा उंट म्हणतात. नावे अशी सात्त्विक असली तरी हा प्राणी पक्का शिकारी आहे. जिवंत माशी, नाकतोडा, रातकिडा पकडूनच तो खातो.

जगात याच्या सुमारे 2400 जाती आहेत. पाळण्यात असलेल्या जातींत आपल्या भागातल्याही काही आहेत. भारत व श्रीलंकेत आढळणारी जायंट एशियन मँटिस ही मोठी हिरवी जात नवशिक्यांना दिली जाते. दक्षिण भारत व श्रीलंकेतील व्हायोलिन मँटिस तिच्या विचित्र आकारामुळे प्रसिद्ध आहे. मलेशियाकडची वाळक्या पानासारखी दिसणारी मँटिस आणि फुलासारखी दिसणारी ऑर्किड मँटिस यांनाही मागणी असते. हा छंद नवा नाही. ब्रिटनमधील हौशी कीटक अभ्यासकांची अ‍ॅमॅच्युअर एंटमॉलॉजिस्ट्स सोसायटी ही संस्था 1935 साली स्थापन झाली व आजही ती कीटक पाळण्याविषयी मार्गदर्शन करते.

तळाचे काम काय?

माल निवडण्यापूर्वी त्याचे काम समजून घेतले पाहिजे. कोंबडी, ससा हे प्राणी जमिनीवर बसतात, म्हणून त्यांच्या खुराड्यात मऊ व कोरडे अंथरूण लागते. मँटिसचे तसे नाही. बहुतेक जाती फांदीला किंवा पेटीच्या छताच्या जाळीला उलट्या लटकून आयुष्य काढतात. तळावर त्या क्वचितच उतरतात.

अंड्यातून निघाल्यापासून पंख येईपर्यंत हा कीटक साधारणपणे सहा ते नऊ वेळा कात टाकतो. कात टाकताना तो छताला उलटा लटकतो. जुनी कातडी पाठीवर फाटते आणि ओले, मऊ अंग खाली सरकत बाहेर येते. या वेळी हवा फार कोरडी असेल तर कातडी पायाला चिकटून बसते. खाली जागा कमी असेल तर नवे अंग तळाला टेकून वाकडे होते. कीटक खाली पडला तर पाय वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. असा कीटक पुढे शिकार करू शकत नाही व बहुधा मरतो. पाळलेल्या मँटिसच्या मृत्यूचे हे एक मोठे कारण आहे.

यावरून तळाची तीन कामे ठरतात. शिंपडलेले पाणी धरून ते हळूहळू हवेत सोडणे, हे पहिले काम. विष्ठा व खाऊन उरलेले तुकडे झेलणे, हे दुसरे. पडलेल्या कीटकाला इजा होऊ न देणे, हे तिसरे. पोषण देणे, वास देणे किंवा शोभा आणणे, हे तळाचे काम नव्हे. म्हणून या धंद्यात आम्ही एकच कसोटी धरतो. मालात काय आहे यापेक्षा काय नाही, यावर त्याची किंमत ठरते. मीठ नको, खत नको, कीटकनाशक नको, सुवासिक तेल नको, रंग नको.

साधा कागद

सर्वांत सुरक्षित तळ सर्वांत स्वस्त आहे. स्वयंपाकघरात वापरतात तो बिनवासाचा, बिनछपाईचा टिश्यू कागद दोन पदर करून पेटीत घातला की काम भागते. अगदी लहान पिल्लांसाठी हाच उत्तम. पिल्लू दिसते, सोडलेली माशी दिसते आणि घाण दिसते. मळला की कागद बदलावा. याचा दोष एवढाच की तो लवकर वाळतो, त्यामुळे पाणी वारंवार शिंपडावे लागते. ज्या ग्राहकाला आपल्या मालाविषयी शंका आहे त्याला खुशाल कागद वापरावयास सांगावे. त्यात आपले नुकसान नाही, उलट विश्वास वाढतो.

नारळाचा भुसा

मोठ्या कीटकांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा माल म्हणजे नारळाचा भुसा. बाजारात याला कोकोपीट म्हणतात. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की जो तपकिरी, स्पंजासारखा भुसा उरतो तो हा. वजनाने पाहिले तर एक किलो काथ्यामागे अंदाजे दोन किलो भुसा निघतो. एके काळी केरळात खाडीच्या काठी याचे डोंगर पडून राहत. आज तमिळनाडूतील पोळ्ळाची भागातून व केरळातून हा माल वाळवून, दाबून, विटा करून जगभर जातो. आपल्याकडे सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या नारळाच्या पट्ट्यातही काथ्याचे काम चालते. या उद्योगासाठी केंद्र सरकारचे कॉयर बोर्ड आहे. ते 1953 च्या कायद्यान्वये स्थापन झाले असून त्याचे मुख्य कार्यालय कोचीला आहे.

हा भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो आणि ते सावकाश सोडतो. तो सहज कुजत नाही. म्हणून तो या कामास योग्य. पण त्यात एक दोष लपलेला असतो, तो म्हणजे मीठ. समुद्रकाठच्या झाडाच्या सोडणात मुळातच क्षार असतात. काथ्या सुटा व्हावा म्हणून सोडणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजत घातली तर मीठ आणखी वाढते. असा भुसा वाळल्यावर डोळ्यांना काहीच वेगळा दिसत नाही. मँटिस स्वतः भुसा खात नाही हे खरे. पण भक्ष्य म्हणून सोडलेले रातकिडे त्यातच तोंड घालतात आणि पुढे तेच मँटिसच्या पोटात जातात. तळाशी साचलेले पाणीही कीटकांच्या तोंडी लागते.

उपाय सोपा आहे. गोड्या पाण्याने भुसा दोन-तीन वेळा धुवावा व पूर्ण निथळू द्यावा. क्षार मोजण्यासाठी पेनाएवढे ईसी मीटर मिळते. ते पाण्याची विद्युतवाहकता दाखवते, आणि क्षार जितके जास्त तितका आकडा मोठा. व्यापारात 0.5 पेक्षा कमी आकड्याच्या मालाला लो ईसी, म्हणजे कमी क्षाराचा माल म्हणतात. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. बागायतीसाठी भुसा पुष्कळदा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यातून काढतात. झाडांना ते चालते. कीटकाच्या पेटीसाठी मात्र नुसता धुतलेला, काही न मिसळलेला भुसा द्यावा. रोपवाटिकेसाठी खत घालून तयार केलेले मिश्रण तर मुळीच देऊ नये.

वीट वापरण्याची रीतही ग्राहकास सांगावी. साधारण 650 ग्रॅमची वीट चार लिटर कोमट पाण्यात घातली की अर्ध्या तासात फुगून आठ-नऊ लिटर भुसा होतो. मग मूठभर भुसा घट्ट पिळावा. थेंब टपकले तर तो फार ओला आहे. मुठीत गोळा राहिला पण पाणी सुटले नाही तर बरोबर आहे. असा भुसा पेटीत दोन ते तीन सेंटिमीटर घालावा. त्याहून जाड थराची गरज नाही. काथ्याचे लांब धागे आधी चाळून काढावेत, कारण सोडलेल्या माश्या व रातकिडे त्यांत लपून बसतात.

भुसा चाळताना व दळताना धूळ फार उडते. कामगारांच्या नाकातोंडावर फडके किंवा मास्क असावा.

लाकडाचा भुसा नको

आमच्या सुतार व फर्निचर करणाऱ्या बांधवांना वाटेल की आपल्याकडेही भुशाचे ढीग आहेत, तेही विकता येतील. कोंबड्यांच्या खुराड्यात काही प्रकारचा भुसा चालतो. कीटकाच्या पेटीत तो घालू नये. कारण आपल्या धंद्यातच दडलेले आहे. देवदार, साग ही लाकडे आपण का पसंत करतो? वाळवी व कीड त्यांना सहसा लागत नाही, हे त्याचे एक कारण. देवदार व पाइन यांत उडून जाणारी सुवासिक तेले व राळ असते. सागातही कीड दूर ठेवणारी द्रव्ये असतात. पलंगाला जो गुण, तोच कीटकाच्या बंद पेटीत दोष ठरतो.

प्लायवूड व एमडीएफ कापताना निघणारा भुसा त्याहून वाईट. या पाट्या बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडच्या चिकट द्रव्याने जोडलेल्या असतात. पॉलिश, टर्पेंटाइन, वाळवीचे औषध लागलेल्या लाकडाचीही तीच गोष्ट. बंदरातून येणाऱ्या खोक्यांचे व पॅलेटचे लाकूड वापरताना त्यावरचा शिक्का पाहावा. एचटी म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेले. एमबी म्हणजे मेथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. एमबी शिक्क्याच्या लाकडाची पेटी अशा कामासाठी करू नये.

शेवाळ, खनिज आणि वाळू

पाणथळ जागी वाढणारे स्फॅग्नम शेवाळ पाणी उत्तम धरते. जास्त दमटपणा लागणाऱ्या जातींसाठी ते भुशावर थोडे पसरतात. फुलवाल्यांकडे मिळणारे हिरवेगार शेवाळ कित्येकदा रंग दिलेले असते. ते घेऊ नये. हे शेवाळ हाताळणाऱ्या माळ्यांना त्यातील एका बुरशीमुळे त्वचेचा रोग झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. हातावर जखम असेल तर हातमोजे घालूनच काम करावे.

व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखे फुगवलेले खनिज आहे. तेही पाणी धरते व कुजत नाही. परंतु हा माल कोणत्या खाणीचा आहे हे विचारून घ्यावे. अमेरिकेत लिबी या गावच्या खाणीतील व्हर्मिक्युलाइटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होते व तेथे अनेक कामगारांचे बळी गेले. ती खाण 1990 मध्ये बंद झाली. शिवाय बागेसाठी विकल्या जाणाऱ्या काही पिशव्यांत खत मिसळलेले असते.

वाळू पाणी धरत नाही, म्हणून बहुतेक जातींना तिचा उपयोग नाही. व्हायोलिन मँटिससारख्या उष्ण व कोरडी हवा मानवणाऱ्या जातींना ती चालते. एक अपवाद मात्र खास आहे. उत्तर आफ्रिका व अरबस्तानच्या वाळवंटांत एरेमिआफिला नावाची मँटिस राहते. ती फांदीवर लटकत नाही, जमिनीवर धावते आणि अंड्यांची पुडीही जमिनीत घालते. तिच्यासाठी तळ हेच घर. तिला बारीक, धुतलेली, बिनमिठाची वाळू लागते. समुद्रकाठची वाळू क्षारामुळे व रंगीत वाळू रंगामुळे बाद समजावी. टोकदार खडी तर कोणत्याच पेटीत नको, कारण वरून पडलेल्या मऊ अंगाच्या कीटकाला ती जखमी करते.

माती व पाला

बागेतील माती फुकट मिळते. पण तिच्यात खत, कीटकनाशक, मुंग्या व माइट यांपैकी काय आहे हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ती टाळावी. सुका पाला मात्र भुशावर पसरला तर शोभतो व ओलावाही टिकवतो. तो कोठून गोळा केला हे महत्त्वाचे. कोकणात मोहोराच्या हंगामात तुडतुड्यांसाठी हापूसच्या बागांवर औषधे फवारतात. ती औषधे कीटक मारण्यासाठीच बनविलेली असतात, तेव्हा अशा बागेतला पाला या कामास पूर्ण निषिद्ध समजावा. रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ बसते व डासांची धुरीही तेथे होते. न फवारलेल्या परसातील देशी बदामाची पाने गोळा करून, उकळत्या पाण्यातून काढून, कडक वाळवून बांधावीत.

साठवणीतही जपावे. ज्या खोलीत डांबराच्या गोळ्या, ढेकणांचे औषध किंवा उदबत्तीचा साठा आहे तेथे हा माल ठेवू नये. सच्छिद्र भुसा वास पटकन शोषतो.

बुरशी आणि रातकिडे

चांगला तळही निष्काळजीपणे वापरला तर बिघडतो. सतत ओला तळ आणि बंद हवा एकत्र आली की बुरशी धरते. पेटीला छताबरोबर एका बाजूलाही जाळी असावी, म्हणजे हवा खेळती राहते. मेलेल्या माश्या रोज काढाव्यात. परदेशात बरेच जण भुशात स्प्रिंगटेल नावाचे अगदी बारीक जीव सोडतात. ते बुरशी खातात आणि मँटिसला त्रास देत नाहीत.

जाड थरात रातकिडे दडून बसतात. मँटिस कात टाकत असताना तेच बाहेर येऊन तिला कुरतडतात. म्हणून कात टाकण्याच्या सुमारास पेटीत एकही रातकिडा ठेवू नये. थर पातळ ठेवण्याचे हे दुसरे कारण.

पेटी करणाऱ्यांसाठी

काच, अ‍ॅक्रिलिक, जाळी व शिवणकाम करणाऱ्या कारागिरांना यात काम आहे. माप सोपे आहे. कीटकाच्या लांबीच्या तिप्पट उंची आणि दुप्पट रुंदी, यापेक्षा कमी नको. मात्र उंची पेटीच्या बुडापासून मोजू नये. भुशाच्या वरच्या पृष्ठापासून छताच्या जाळीपर्यंत मोजावी. मादी 8 सेंटिमीटर असेल तर मोकळी उंची 24 सेंटिमीटर लागते. त्यात 3 सेंटिमीटर भुसा धरला तर आतली उंची 27 सेंटिमीटर होते. छत गुळगुळीत काचेचे नसावे, त्यावर पाय धरत नाहीत. जाळीची टोके आत येऊ देऊ नयेत. सिलिकॉनने जोडलेली पेटी त्याचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत देऊ नये.

विकताना काय सांगावे?

पाकिटावर साध्या शब्दांत लिहावे: माल कशाचा आहे, धुतला आहे की नाही, ईसी किती, काही मिसळले आहे काय आणि कोणत्या महिन्यात बांधला. बागायतीचा माल व प्राण्यांच्या पेटीचा माल वेगळ्या पोत्यांत ठेवावा. एका पोत्यातून दोन्ही ग्राहकांना माल काढण्याची सवय या धंद्यात घातक आहे. धुण्याचे पाणी व वाळवण्याचे दिवस वाचवून स्वस्त माल देता येतो, यात शंका नाही. पण न धुतलेला भुसा धुतलेला म्हणून विकणे म्हणजे दोष झाकून विकणे होय, आणि मालाचा दोष सांगूनच सौदा करावा ही शिकवण आपल्या वाचकांना नवी नाही. येथे तर तो दोष डोळ्यांना दिसतही नाही. ग्राहकाला तो कळतो तेव्हा पेटीतला जीव गेलेला असतो.

परदेशी माल पाठवायचा तर त्या देशाचे वनस्पती आरोग्याचे नियम आयातदाराकडून आधी लेखी मागवावेत. कंटेनरला धुरी द्यावी लागणार असेल तर तेही ग्राहकाला कळवावे.

शेवटी एक इशारा. भुसा, पाला, पेटी विकणे वेगळे आणि रानातले जिवंत कीटक पकडून बाहेर पाठविणे वेगळे. 2008 साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात कीटक गोळा केल्याबद्दल दोन झेक नागरिकांना अटक झाली व न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. किडाच तो, त्याला कोण विचारतो, असे समजून कोणी या भानगडीत पडू नये.

ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी मोठा साठा करू नये. दहा-वीस विटा धुवून, वाळवून, मीटरने तपासून बांधाव्यात आणि शहरातील प्राण्यांच्या दुकानदाराला नमुना म्हणून द्याव्यात. त्याच्याकडून महिनाभराने बुरशी, वास व कीड यांविषयी विचारून घ्यावे. तक्रार नसेल तरच पुढचा माल धुण्यास घ्यावा.